डिओ, परफ्यूम की अत्तर? आणि घरासाठी उदबत्ती, धूप की कापूर?

सुगंधासाठी दुकानात गेलेला पुरुष बहुतेक वेळा एकाच बाटलीकडून दोन कामं मागतो. घामाचा वास जावा आणि अंगाला चांगला वास यावा. डिओचा डबा दोन्हींची हमी देतो, दोनशे-अडीचशे रुपयांत मिळतो आणि दीड-दोन महिन्यांत संपतो. माझं म्हणणं असं की ही दोन कामं वेगळी धरून दोन वेगळ्या वस्तू घेतल्या, तर खर्च फारसा वाढत नाही आणि दोन्ही कामं नीट होतात. घरातल्या सुगंधाचंही तसंच आहे. खालचे भाव साधारण किरकोळ दुकानातले आहेत. शहरागणिक आणि ऑनलाइन सेलमध्ये ते वरखाली होतात.

आधी घामाचा बंदोबस्त

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या ग्रंथींमधून येणारा दाटसर स्राव त्वचेवरचे जीवाणू फोडतात आणि त्यातून तो उग्र वास तयार होतो. म्हणून एक तर जीवाणू कमी करायला हवेत, नाहीतर ओल. त्यावर नुसता सुगंध फवारला की दोन्ही वास मिसळतात, आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये शेजारच्याला नेमकं तेच मिश्रण सोसावं लागतं.

तुरटीचा वीस-तीस रुपयांचा खडा आंघोळीनंतर ओल्या काखेत फिरवला की जीवाणूंची वाढ मंदावते. तुरटीला स्वतःचा वास नाही, त्यामुळे वर कुठलंही अत्तर लावा, भांडण होत नाही. खडा महिनोन्‌महिने पुरतो. मात्र तुरटी घाम थांबवत नाही. शर्टाच्या काखेत ओले डाग दिसू नयेत असं वाटत असेल तर रोल-ऑन हवा, आणि त्यावर ‘अँटिपर्स्पिरंट’ लिहिलेलं हवं. नुसतं ‘डिओडरंट’ लिहिलेल्या बाटलीत घाम रोखणारा घटक असेलच असं नाही. तो घटक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे क्षार, जे घामाच्या नलिकांची तोंडं काही काळ बंद ठेवतात. हे रोल-ऑन सकाळी घाईत लावण्यापेक्षा रात्री झोपताना, कोरड्या काखेत लावलं तर जास्त काम करतं, कारण तेव्हा घाम कमी असतो आणि क्षारांना बसायला वेळ मिळतो. पन्नास मिलीची बाटली दीड-दोनशे रुपयांना मिळते.

कोणी काय घ्यावं? मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी अशा दमट हवेत घाम वाळतच नाही, तिथे रोल-ऑन. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम लगेच उडून जातो, तिथे तुरटी बहुतेकांना पुरते. कुठेही राहत असलात तरी पॉलिएस्टरचा शर्ट घामाचा वास सुती कापडापेक्षा जास्त धरून ठेवतो. तीन-चार धुण्यांनंतरही काखेत वास राहत असेल तर दोष शर्टाचा आहे, नवा डिओ आणून तो जाणार नाही.

डिओ की परफ्यूम: रोजचा खर्च मांडून बघा

डिओ स्वस्त आणि परफ्यूम महाग, हा समज बाटलीवरची किंमत बघून होतो. रोजचा खर्च काढला की चित्र बदलतं. दीडशे मिलीचा गॅसवाला डबा सव्वादोनशे रुपयांचा धरू. दोन्ही काखा आणि छाती मिळून रोज तीनेक सेकंद फवारलं तर दोन-तीन मिली जातात, आणि त्यात मोठा वाटा गॅसचा असतो. डबा पन्नास ते पंचाहत्तर दिवस चालतो, म्हणजे रोजचे तीन ते साडेचार रुपये. सहाशे रुपयांचं शंभर मिलीचं परफ्यूम घ्या. एका दाबात साधारण दशांश मिली बाहेर येतं. रोज चार फवारे म्हणजे अडीचशे दिवस, रोजचे अडीच रुपयेसुद्धा नाहीत.

फॉग या ब्रँडने 2011 मध्ये ‘बिना गॅसचा’ म्हणत बाजारात उडी घेतली, तेव्हा त्यांनी याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं. बिनगॅसचा बॉडी स्प्रे खरंच जास्त दिवस पुरतो. अडीचशे रुपयांची 120 मिलीची बाटली रोज आठ फवाऱ्यांनी पाच महिने चालते, म्हणजे पैशांत ती परफ्यूमपेक्षाही स्वस्त. फरक पडतो तो सुगंधी तेलाच्या प्रमाणात. ‘ओ द परफ्यूम’ लिहिलेल्या बाटलीत ते साधारण 15 ते 20 टक्के असतं, ‘ओ द टॉयलेट’मध्ये 5 ते 15, कोलोनमध्ये दोन-चार टक्के आणि बॉडी स्प्रेत बहुधा त्याच्या आसपास किंवा कमी. बॉडी स्प्रे दोन तासांत विरतो म्हणून आपण दुपारी पुन्हा मारतो. परफ्यूमचा खालचा थर, म्हणजे सर्वात शेवटी उरणारा लाकूड, कस्तुरी, अंबर यांचा वास, संध्याकाळपर्यंत कपड्यावर रेंगाळतो.

व्यायामशाळेच्या पिशवीत ठेवायला, वसतिगृहात चार जणांत वापरायला बॉडी स्प्रे ठीक आहे. वाइल्ड स्टोन, एन्गेज, डेन्व्हर, पार्क अ‍ॅव्हेन्यू हे सगळे साधारण एकाच पट्टीतले. यांत ‘सर्वात चांगला कोणता’ यावर वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही, जो वास नाकाला रुचेल तो घ्यावा. नोकरी करणाऱ्याने मात्र पाचशे ते नऊशेच्या दरम्यानचं एक ‘ओ द परफ्यूम’ घ्यावं. थेट शंभर मिलीची बाटली घेऊ नका. पन्नास-साठ रुपयांचे खिशात मावणारे छोटे स्प्रे किंवा नमुन्याच्या कुप्या मिळतात, त्या आठवडाभर वापरून बघा. दुकानात कागदी पट्टीवर येतो तो वरचा थर असतो, लिंबू-संत्र्याच्या जातीचा, आणि तो पंधरा-वीस मिनिटांत उडतो. दिवसभर सोबत राहणारा वास त्यानंतर सुरू होतो.

महागड्या परदेशी सुगंधांशी मिळतीजुळती, पण स्वतःच्या नावाने विकली जाणारी दुबईची परफ्यूम सध्या जोरात आहेत. अर्माफचं ‘क्लब द नुई इन्टेन्स मॅन’ त्यातलं सर्वात गाजलेलं. दोन-तीन हजारांचं बजेट असेल तर यांत पैसे वसूल होतात. रस्त्यावर ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून मिळणाऱ्या, दुसऱ्याचं नाव छापलेल्या बाटल्या मात्र घेऊ नका. आत काय आहे ते कुठेही लिहिलेलं नसतं आणि ते तुम्ही रोज मानेवर लावणार असता.

अत्तर: कमी पैशांत सर्वात श्रीमंत पर्याय, पण निवडून

मला सर्वात जिव्हाळा आहे तो अत्तराचा, म्हणून इथे जरा थांबतो.

उत्तर प्रदेशातल्या कनौजमध्ये अजूनही तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी घालून, मातीने तोंड लिंपून, खाली लाकडं-गोवऱ्या पेटवून अत्तर काढतात. बांबूच्या नळीतून वाफ पाण्यात ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे ती जमा करणाऱ्या भांड्यात, उतरते आणि तिथे आधीपासून असलेलं चंदनाचं तेल तो सुगंध पिऊन घेतं. कनौजच्या अत्तराला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. अडचण चंदनाच्या भावाची आहे. अस्सल चंदनतेल किलोला लाखाच्या वर जातं. म्हणजे सहा मिलीच्या कुपीत नुसतं चंदनतेल भरलं तरी सहाशे रुपये कच्च्या मालाचेच झाले. तेव्हा दीडशे रुपयांच्या ‘शुद्ध चंदन-गुलाब’ कुपीत चंदन नसणार. त्यात पातळ, बिनवासाचं द्रावक आणि प्रयोगशाळेत तयार झालेला सुगंध असतो. तोही छान असू शकतो, फक्त त्याला शुद्धतेचे पैसे देऊ नका.

तरीही कमी पैशांत अस्सल मिळू शकतं, फुलांकडून मुळांकडे वळलात तर. वाळ्याचं अत्तर गुलाबाच्या मानाने खूपच स्वस्त पडतं आणि उन्हाळ्यासाठी त्याच्यासारखं दुसरं नाही. माठात वाळ्याची जुडी टाकलेलं पाणी ज्यांनी प्यायलं आहे त्यांना तो गार, मातकट, किंचित हिरवा वास सांगावा लागणार नाही. दुसरा नागरमोथा. दिवाळीच्या उटण्यात असतो तोच. त्याचं तेल धुरकट, लाकडी, गंभीर वासाचं असतं आणि पुरुषांच्या परफ्यूममध्ये ते जगभर वापरतात. ऊद, म्हणजे अगरूच्या लाकडाचं अत्तर, परवडत नसेल त्याने नागरमोथ्याच्या वाटेने जावं. पावसाळ्यात मातीचं अत्तर लावून बघाच, भाजलेल्या मातीपासून ते याच डेग-भपक्यात काढतात. हिवाळ्यात हिना किंवा शमामा: मसाल्यांचा उबदार, जड वास, लग्नसराईला शोभणारा, पण बंद केबिनमध्ये इतरांना नकोसा होईल असा.

सहा मिलीची बऱ्यापैकी कुपी तीनशेच्या घरात येते. रोज दोन थेंब म्हटलं तर दोन महिने सहज, म्हणजे रोजचे चार-पाच रुपये. हिशेबात परफ्यूम स्वस्त पडतं, हे खरं आहे. अत्तराची बाजू वेगळी आहे. त्यात अल्कोहोल नसतं, त्यामुळे दाढी केल्यावर चुरचुरत नाही. ते अंगाजवळ राहतं, जवळ येणाऱ्यालाच कळतं. ऑफिसमध्ये हा मोठा गुण आहे. चार माणसांत दुरून ओळखू यावं अशी इच्छा असेल तर परफ्यूमच घ्या.

मुंबईत महंमद अली रोडवर अत्तरांची जुनी दुकानं आहेत आणि तिथे मनगटावर लावून देतात. तीनपेक्षा जास्त वास एका वेळी घेऊ नका, नाक बधिर होतं. लावून घ्या, बाहेर पडा, तासाभराने परत हुंगा आणि मग ठरवा. पांढऱ्या सदऱ्यावर थेट लावू नका, पिवळा डाग पडतो. मनगट, कानामागे, किंवा कानाच्या खोबणीत अत्तराचा फाया. नव्या अत्तराने अंगावर पुरळ येतंय का, ते आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. आणि लिंबूवर्गीय तेलं, विशेषतः बर्गमॉट, लावून उन्हात हिंडू नका, काहींच्या कातडीवर काळे डाग उठतात.

साबण, पावडर, आफ्टरशेव्ह यांच्याकडून टिकाऊ वासाची अपेक्षा ठेवू नये. म्हैसूर सँडल किंवा सिंथॉलचा वास टॉवेलपर्यंत पोचतो, पुढे नाही. मात्र चंदनाच्या साबणावर वाळा किंवा नागरमोथा छान बसतो, आणि तीव्र वासाचा साबण दुसऱ्या जातीच्या परफ्यूमशी झगडतो. आंघोळीनंतर मानेवर, मनगटावर थोडं खोबरेल चोळलं तर वर लावलेला सुगंध जास्त टिकतो, कारण कोरड्या कातडीवरून तो लवकर उडतो.

घरासाठी

घरात वास कुठून येतोय ते आधी शोधा. न्हाणीघराची जाळी, ओला पायपुसणा, कचऱ्याचा डबा, कपाटातली ओल. ते न करता फवारलेला रूम फ्रेशनर म्हणजे काखेतला डिओच.

उदबत्तीत दोन जाती आहेत. कोळशाच्या भुकटीची कोरी काळी काडी सुगंधी द्रावणात बुडवून वाळवतात, ती स्वस्त. पेटवण्याआधी खोक्याला जितका वास येतो तितका पेटल्यावर येत नाही, आणि धूर चरचरीत असतो. मसाला उदबत्तीत लाकडाची भुकटी, राळ, सुगंधी मुळं एकत्र वळलेली असतात, ती हळू जळते आणि तिचा वास मुरलेला असतो. दहा-वीस रुपये जास्त देऊन मसालाच घ्या. धूपकांड्या बिनबांबूच्या असतात, वास दाट, धूर जास्त. मोठ्या घराला, अंगणाला त्या शोभतात, एका खोलीच्या बिऱ्हाडाला नाही. निखाऱ्यावर ऊद-गुग्गुळाची राळ टाकण्याची मजा वेगळीच, पण फ्लॅटमध्ये ती रोज जमत नाही.

धूर तो धूरच, देवापुढचा असला तरी. त्यातले बारीक कण फुफ्फुसात जातात. घरात दमेकरी, तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर खिडकी उघडून एकच काडी, नाहीतर सरळ बिनधुराचा मार्ग.

बिनधुराच्या मार्गात विजेची कापूरदाणी मला सर्वात किफायतशीर वाटते. दोन-तीनशे रुपयांना मिळते आणि चिमूटभर कापूर खोलीला पुरतो. पावसाळ्यात कुबट वासावर कापूर चांगला चालतो. पण तो मुलांच्या हाती लागता कामा नये. थोडासा पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात, आणि वड्या दिसतात खडीसाखरेसारख्या. रांगतं मूल असेल त्या घरात कापूर वरच्या फळीवर, झाकण घट्ट.

ओडोनिलची वडी किंवा गोदरेज एअरचं पाकीट न्हाणीघरापुरतं योग्य. पन्नास-साठ रुपयांत महिनाभर जातो, कोणाला लक्ष द्यावं लागत नाही. बैठकीच्या खोलीत तोच वास दिवसभर डोक्यात बसतो. बाटलीत काड्या खोचलेले डिफ्यूझर दिसायला देखणे, पण पाचशेच्या आतले बहुतेक दोन आठवड्यांत मंदावतात. कपाटासाठी वाळ्याच्या मुळांची पुरचुंडी बांधा. वास कमी झाला की पाण्याचा हबका मारून सावलीत वाळवायची, पुन्हा जागी होते.

वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे एकूण पाचशे रुपये असतील तर मी असे वाटेन: तुरटी तीस, छोटे खिशातले स्प्रे दोन मिळून सव्वाशे, वाळ्याच्या अत्तराची तीन मिलीची कुपी दीडशेच्या आसपास, मसाला उदबत्तीचा पुडा साठ, न्हाणीघरासाठी वडी पन्नास. उरलेल्या पैशांत एक सुती बनियन येतो. तो पॉलिएस्टरच्या शर्टाखाली घाला.