हातात जड लागली म्हणून घेतली

पुण्यात टेलिफोटो लेन्स ट्रायपॉडवर बसवायची प्लेट घ्यायला निघाला असाल, तर आधी हे वाचा.

माझ्याकडे निकॉनची २००-५०० मिमी झूम लेन्स आहे. कॉलरसकट, म्हणजे ट्रायपॉडसाठी पाय असलेल्या कड्यासकट, २३०० ग्रॅम. डी५०० कॅमेऱ्याची बॉडी लावली की सगळं तीन किलोच्या वर जातं. कॉलरच्या पायाला आर्का खाच (ट्रायपॉडच्या क्लॅम्पमध्ये सरकवायची तिरकी खाच) नाही, म्हणून खाली वेगळी प्लेट लावावी लागते. पेठेतल्या एका दुकानदाराने ती माझ्या तळहातावर ठेवली. "ताई, वजन बघा. भरीव ॲल्युमिनियम, वीस किलो पेलते." २२०० रुपये. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी वर पडेल, उगीच कशाला?" प्लेट निसटू नये म्हणून टोकांना असतात ते अडवणीचे स्क्रूही नव्हते. "ते कुणी लावत नाही, ताई."

जानेवारीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला भिगवणला गेले. कुंभारगावला पहाटे होडीत पाय टाकला. लेन्सचा पट्टा प्लेटच्या पुढच्या भोकात अडकवलेला. कट्‌कन आवाज आला, मला वाटलं फळी वाजली. मग खांदा एकदम हलका झाला. लेन्स होडीच्या कडेवर आपटून आत पडली. पाण्यात गेली नाही एवढंच नशीब. झूम रिंग ३०० च्या पुढे फिरेना. दुरुस्तीला साडेसोळा हजार गेले. ही लेन्स मी दोन वर्षं पैसे साठवून घेतली होती.

धाकटा भाऊ भोसरीत मशीन शॉपमध्ये आहे. त्याने प्लेटची तुटलेली कड उजेडात धरली. करडी, वाळूसारखी दाणेदार, मधे सुईच्या टोकाएवढी भोकं. "ताई, हे जस्ताचं ओतकाम आहे, वरून काळा रंग मारलाय. म्हणून तर जड लागली तुला." जस्त ॲल्युमिनियमच्या जवळजवळ अडीचपट जड असतं. लोहचुंबक लावून उपयोग नाही, दोन्हींना चिकटत नाही. त्याने कॅलिपर लावला. आर्का प्लेटची रुंदी ३८ मिमीच्या आसपास हवी, ही ३७.२ भरली. ट्रायपॉडच्या नॉबच्या क्लॅम्पमध्ये आवळली की बसायची, लिव्हरच्या क्लॅम्पमध्ये खुळखुळायची. म्हणजे कधीतरी ट्रायपॉडवरूनही गेलीच असती.

आता नवी प्लेट आहे, टोकांना स्क्रू आहेत, आणि पट्ट्याला जोडलेली दुसरी दोरी कॅमेऱ्याच्या कडीत असते. उचलताना हात कॉलरखाली. नुसती बॉडी धरून एवढी लेन्स लोंबकळू देऊ नका, सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या जोडावर, येतो.

दुकानदाराने तुकडे बघून "बिल दाखवा" म्हटलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. पुरावा म्हणून हातात फक्त यूपीआयची नोंद आहे.

परवा तिथून जाताना पाहिलं, काउंटरवर एक कॉलेजचा मुलगा तशीच प्लेट तळहातावर तोलत उभा होता. त्याला बाहेर बोलावलं आणि पर्समधले तुकडे त्याच्या हातात दिले.