हँडब्रेक वापरून बघितलं: हँडीकॅमच्या जुन्या फाइल्स मोबाइल-टीव्हीवर चालवायच्या असतील तर

आधी निकाल सांगते. हँडब्रेक म्हणजे व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर, ते पूर्ण फुकट आहे, ट्रायल संपली वगैरे भानगड नाही, व्हिडिओवर वॉटरमार्क येत नाही, आणि ज्यांच्या घरी हार्ड डिस्कवाल्या किंवा कार्डवाल्या हँडीकॅमच्या फाइल्स पडून आहेत त्यांनी ते घ्यावंच. पण डाऊनलोड केलं, फाइल टाकली, स्टार्ट दाबलं की झालं असं मात्र नाहीये, दोन-तीन सेटिंग्ज अशा आहेत की त्या न बघता कन्व्हर्ट केलं तर व्हिडिओ चालतो पण खराब होऊन चालतो आणि घरातल्यांना वाटतं की जुना कॅमेरा होता म्हणून असंच दिसत असेल. तसं नसतं हो! म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आमच्याकडे नाशिकला इंदिरानगरमध्ये काकांचा जेव्हीसीचा एव्हरिओ होता, हार्ड डिस्कवाला. त्यात काय काय आहे म्हणून सांगू, आत्याचं लग्न, वणीच्या गडावर सगळे गेलो होतो ते, तिवंध्याच्या रहाडीची (रहाड म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला मोठा हौद) रंगपंचमी, आणि 2008 च्या सप्टेंबरात गोदावरीला पूर आला होता तेव्हाचं, नदीतला दुतोंड्या मारुतीचा पुतळा पाण्याखाली गेलेला आणि मागे काका जोरजोरात सगळ्यांना मागे व्हा म्हणतायत. हे सगळं कॉम्प्युटरमध्ये कॉपी केलेलं होतंच, पण एमओडी नावाच्या फाइल्समध्ये. डबल क्लिक केलं की विंडोज विचारणार कशात उघडू, मोबाइलवर टाकलं तर नुसतं काळं, टीव्हीला पेनड्राइव्ह लावला तर टीव्हीला फाइल दिसतच नाही. फाइल्सची नावं पण विचित्र, एमओव्ही009 नंतर एमओव्ही010 नाही तर एमओव्ही00ए येतं, कारण कॅमेरा हेक्साडेसिमलमध्ये मोजतो (9 नंतर ए ते एफ अक्षरं, मग 10), म्हणजे मधल्या फाइल्स गायब झाल्यात असं वाटलं तर घाबरू नका.

आता एमओडी म्हणजे काही वेगळं नाहीये हे पहिलं समजून घ्या. आत साधा एमपीईजी-2 व्हिडिओ असतो, डीव्हीडीत असतो तोच, आणि आवाज डॉल्बीचा एसी-3. फक्त शेपूट वेगळं लावलंय. एमओडी काढून एमपीजी केलं तरी बऱ्याच प्लेयरमध्ये चालायला लागतं, आणि व्हीएलसी नावाचा फुकट प्लेयर तर नाव न बदलताच चालवतो. विंडोज 8 पासून मायक्रोसॉफ्टने मीडिया प्लेयरमधून डीव्हीडी चालवायची सोय काढून टाकली, मोबाइलवाले एमपीईजी-2 आणि एसी-3 कडे फारसं बघतच नाहीत, त्यामुळे आपल्या फाइल्स चांगल्या असूनही बंद पडल्यासारख्या वाटतात. म्हणजे जर तुम्हाला फक्त लॅपटॉपवर बघायचंय तर कन्व्हर्ट करूच नका, व्हीएलसी टाका आणि बघा. कन्व्हर्ट करायचं ते मोबाइलवर, टीव्हीवर आणि नातेवाईकांना पाठवण्यासाठी.

माझ्या एका नातेवाईकांनी त्यांच्याकडच्या लग्नाच्या फाइल्स शहरातल्या एका दुकानात कन्व्हर्टला दिल्या होत्या. पैसे घेतले त्याबद्दल काही म्हणणं नाही, काम आहे, वेळ जातो. पण परत आलं ते बघून मला खरंच वाईट वाटलं, सगळी माणसं उभट आणि बारीक झालेली, आणि कोणी हात हलवला की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा. त्या घरात त्या लग्नातले चार-पाच जण आता नाहीत, त्यांचे तेवढेच हलते-बोलते फोटो म्हणायचे, आणि ते असे. मूळ फाइल्स त्यांच्याकडे होत्या म्हणून वाचलं, हँडब्रेकमध्ये परत केलं आणि नीट झालं.

तर त्या रेघांचं कारण. आपल्याकडे टीव्हीची पाल सिस्टीम, चित्रात 576 ओळी, सेकंदाला 25 फ्रेम, पण हे कॅमेरे एक फ्रेम एकदम घेत नाहीत, आधी एकाआड एक ओळी घेतात आणि सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यानंतर राहिलेल्या, म्हणजे सेकंदाला 50 अर्ध्या तसबिरी. याला इंटरलेस म्हणतात. जुन्या डब्बा टीव्हीवर ते बरोबर दिसायचं कारण तो टीव्ही पण तसाच चित्र काढायचा, आताच्या स्क्रीनवर दोन्ही अर्ध्या एकदम दाखवल्या की मधल्या वेळात जे हललंय ते तिथे दाते पडल्यासारखं दिसतं. हँडब्रेकमध्ये फिल्टर्सच्या टॅबमध्ये डीइंटरलेस आहे, तिथे डीकॉम्ब, याडिफ असे पर्याय मिळतात, आणि खाली प्रीसेटमध्ये, म्हणजे तयार सेटिंग्जमध्ये, बॉब म्हणून एक आहे. मी कळकळीने सांगते बॉब घ्या, आणि व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट 50 करा, कारण तयार प्रीसेट फ्रेमरेट 25 नाहीतर 30 ला अडवून ठेवतात. साध्या डीइंटरलेसने रेघा जातात पण हालचालीचा अर्धा भाग पण जातो, बॉबने पन्नासच्या पन्नास राहतात.

फरक बघायचा असेल तर रंगपंचमीचं बघा. रहाडीत धप्पा मारतात तेव्हा पोरगं वरून सुटतं ते पाण्यात पडेपर्यंत सेकंदभराचं काम, 25 मध्ये ते झटके खात खाली येतं आणि उडालेलं रंगाचं पाणी नुसतं गिचमिड होतं, 50 मध्ये ते सरळ येतं आणि पाण्याचा थेंब न थेंब कळतो, शेजारी उभ्या असलेल्या लोकांच्या अंगावर कसं उडालं ते पण दिसतं. दोन्ही एकाच फाइलमधून केलेले, एकाच लॅपटॉपवर. काकांना दाखवलं तर म्हणाले मी शूट केलं तेव्हा सुद्धा कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर असं दिसलं नव्हतं.

दुसरं, माणसं उभट होण्याचं. एव्हरिओने वाइडस्क्रीनवर शूट केलेलं असलं तरी एमओडी फाइलच्या आत ती खूण नीट नसते, ती बाजूच्या एमओआय नावाच्या बारक्या फाइलमध्ये असते, आणि लोक कॉपी करताना ती काय कामाची म्हणून सोडून देतात. मग सॉफ्टवेअर त्याला चौकोनी 4:3 समजतं. हँडब्रेकमध्ये डायमेन्शन्सच्या टॅबमध्ये अॅनामॉर्फिक कस्टम करा आणि पिक्सेल आस्पेक्ट 64:45 टाका, म्हणजे 720 रुंदीचं चित्र 1024 च्या रुंदीने दिसतं आणि सगळे आपापल्या मूळ अंगाने दिसायला लागतात. चौकोनीच शूट केलेलं असेल तर 16:15. कुठलं आहे ते कळत नसेल तर व्हिडिओत गाडीचं चाक नाहीतर ताट शोधा, गोल दिसलं पाहिजे.

क्वालिटीचा आकडा आरएफ म्हणून असतो, जितका कमी तितकं चांगलं आणि तितकी मोठी फाइल. हँडब्रेकवाले स्वतः अशा कमी रिझोल्यूशनच्या व्हिडिओला 18 ते 22 सांगतात आणि फुल एचडीला 20 ते 24. मी घरच्या व्हिडिओला 18 च ठेवते, आत्याच्या लग्नात संध्याकाळी मांडवात उजेड कमी होता, तिथे 22 ला चेहरे मेणाचे झाल्यासारखे दिसायला लागले. एमओडी चांगल्या क्वालिटीत तासाला 4 जीबीच्या आसपास असते, 18 ला सुद्धा ती बऱ्यापैकी कमी होते. आणि 576 चं 1080 करायच्या नादाला लागू नका, नसलेलं कुठून येणार. एनकोडर, म्हणजे व्हिडिओ नव्याने दाबून भरायची पद्धत, साधा एच.264 ठेवा, जुन्या टीव्हीवर पण चालतो. ग्राफिक्स कार्डवाले एनकोडर फास्ट असतात पण तेवढ्याच साइजमध्ये क्वालिटी कमी देतात, आपल्याला घाई कसली, संध्याकाळी सगळ्या फाइल्स क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाकायच्या, लॅपटॉप चार्जिंगला लावून झोपायचं, सकाळी तयार. हे क्यू प्रकरण मला यातलं सगळ्यात आवडलेलं आहे, एकदा सेटिंग प्रीसेट म्हणून सेव्ह केली की परत बघायला लागत नाही.

आता काय जमत नाही ते. हँडब्रेक फाइल्स जोडत नाही. आणि आतला व्हिडिओ जसाच्या तसा ठेवून फक्त डबा, म्हणजे बाहेरचा फाइलचा प्रकार, बदलणं त्याला येत नाही, तो प्रत्येक वेळी व्हिडिओ नव्याने एनकोड करणारच. हे कुणाला अडेल तर ज्यांच्याकडे त्यानंतरचे एव्हीसीएचडी कॅमेरे आहेत त्यांना, सोनी आणि पॅनासॉनिकने 2006 मध्ये आणलेला फॉरमॅट, फाइल्स एमटीएस. त्यात आत आधीच एच.264 असतं. मोठं रेकॉर्डिंग असेल तर कॅमेरा त्याचे तुकडे करतो, आणि एकेक तुकडा वेगळा कन्व्हर्ट करून मग जोडला तर जोडावर आवाज अडखळतो, मंगलाष्टकं चालू असताना तुकडा पडलेला असला तर ते फार खटकतं. त्यासाठी लॉसलेसकट घ्या, ते पण फुकट, आत एफएफएमपेग हे व्हिडिओचं काम करणारं सॉफ्टवेअर आहे, तुकडे आधी जोडतं आणि एमपी4 मध्ये भरून देतं, व्हिडिओला हातही न लावता, काही सेकंदात. टीव्हीवर हे सरळ चालतं, टीव्ही स्वतः डीइंटरलेस करतो. मोबाइलवर चित्र येऊन आवाज नाही आला तर दोष एसी-3 चा, तेवढा आवाज एएसी नावाच्या मोबाइलला चालणाऱ्या प्रकारात बदलायचा, ते एफएफएमपेगने होतं पण त्यात कमांड टाइप करावी लागते, ज्यांना ते नको त्यांनी हँडब्रेकमध्येच टाकावं.

तारखेचं पण बघा. कन्व्हर्ट केलेल्या फाइलवर आजची तारीख पडते आणि मोबाइलच्या गॅलरीत 2008 चा पूर कालच्या फोटोंशेजारी जाऊन बसतो. मी फाइलचं नावच तारखेने सुरू करते, वर्ष, महिना, दिवस, मग प्रसंग. मूळ फाइलची मॉडिफाइड तारीख बघून, नाहीतर काकांना विचारून.

डाऊनलोड फक्त हँडब्रेक डॉट एफआर वरून करा. 2017 च्या मे महिन्यात त्यांच्या एका मिररवर (डाऊनलोडसाठी ठेवलेल्या जोडसर्व्हरवर) मॅकच्या फाइलमध्ये मालवेअर घुसवलं होतं, त्यांनी स्वतःच जाहीर केलं आणि काढलं, पण भलत्या साइटवरून घेतलं तर तुम्हाला सांगणारं पण कोणी नसेल. विंडोजवर आधी मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट टाकायला सांगतं, ते टाका, त्यात काही गडबड नाही.

नातेवाईकांना पाठवताना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, तो परत दाबतो आणि आपण केलेली सगळी मेहनत वाया. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, 2 जीबीपर्यंत जातं. आत्या पुण्याला आहे, तिला असंच पाठवलं, तिने टीव्हीवर लावून सासरच्यांना दाखवलं.

मूळ एमओडी, एमओआय, एमटीएस काही डिलीट करायचं नाही, वेगळ्या हार्ड डिस्कवर पूर्ण फोल्डरसकट ठेवायचं, कारण पुढे याहून चांगलं डीइंटरलेस आलं तर ते मूळ फाइलवरच करता येईल, आपण केलेल्या एमपी4 वर नाही. आणि ज्यांच्याकडे छोट्या 8 सेंटीमीटरच्या डीव्हीडीवाला कॅमेरा होता त्यांनी या सगळ्याच्या आधी ते बघा की डिस्क कॅमेऱ्यात फायनलाइज (म्हणजे रेकॉर्डिंग पूर्ण करून दुसऱ्या मशीनवर वाचता येईल अशा) केलेल्या आहेत का. नसतील तर कॉम्प्युटरला त्या रिकाम्या दिसतात, फेकू नका, कॅमेरा चालू असेपर्यंत त्यातच फायनलाइज करून घ्या, मग व्हिडिओ टीएस फोल्डर कॉपी करा आणि तो अख्खा फोल्डर हँडब्रेकमध्ये उघडा. ट्रे बाहेर येणारा ड्राइव्ह लागेल, नुसती फट असलेल्यात छोटी डिस्क घालायची नाही, अडकते. बॅटरी गेली असेल तरी बरेच कॅमेरे चार्जर थेट लावून चालू होतात, चार्जर सापडत नसेल तर घरच्यांना आजच शोधायला लावा.