रील की रंगमंच? नाशिकच्या नवख्या नटासाठी

गोदाघाटावरचं रील एका रात्रीत हजारोंपर्यंत जातं. साईखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगाला कधी निम्म्या खुर्च्याही भरत नाहीत. तरी माझं मत नाटकालाच. तालमीला वेळेवर येणारा, दोन वाक्यांच्या भूमिकेलाही नाक न मुरडणारा, अशी ख्याती तिथेच होते आणि एका दिग्दर्शकाकडून दुसऱ्याकडे जाते. रीलवर चेहरा दिसतो, स्वभाव नाही. शिवाय रागाच्या भरात टाकलेली कमेंट उडवली तरी स्क्रीनशॉट उरतोच!

अर्थात, कास्टिंगवाले हल्ली इन्स्टाग्रामही चाळतात. खातं ठेवा, प्रयोगांच्या क्लिप जास्त, मिसळीचे फोटो बेताने. पैसे घेऊन एखाद्या दुकानाचं कौतुक केलंत, तर ती जाहिरात आहे हे ठळक लिहा. केंद्र सरकारच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात.