बीएम नंबरची डुक्कर फियाट आणि माझे ३,४८,५०० रुपये

३,४८,५०० रुपये गेले. गाडीचे २,८५,०००, फ्लॅटबेडवरून ती घरी आणायचे १४,५००, कागदपत्रं नावावर करून देतो म्हणणाऱ्या एजंटाचे १८,००० आणि गॅरेजवाल्याने गाडी खोलून रंग खरवडला त्याचे ३१,०००. बदल्यात माझ्याकडे आहे ती मूळ नंबर ग्राइंडरने घासून काढलेली एक बॉडी. ती रस्त्यावर आणता येत नाही, विकता येत नाही, भंगारात घालायचीही सोय नाही, कारण ती कोणाची आहे हेच कोणाला माहीत नाही. हे चारचौघांत सांगायला लाज वाटते. पण लाजेपेक्षा संताप मोठा आहे, म्हणून आकडे जसेच्या तसे लिहितोय.

डुक्कर फियाट मला लहानपणापासून हवी होती. पन्नाशीच्या दशकातली, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून निघालेली, पुढची दारं उलटी उघडणारी. आमच्या गावच्या डॉक्टरांकडे तशी एक होती आणि ती दारात आली की आम्ही पोरं तिच्याभोवती जमायचो. पुढे मी स्वतः त्याच कंपनीची पद्मिनी बरीच वर्षं वापरली. कार्बोरेटर उघडून साफ करणं, पॉइंटचा गॅप लावणं हे मी घरी करत आलोय. तेव्हा ‘गाडीतलं कळत नसताना कशाला पडलास’ असं ज्या नातेवाइकांनी ऐकवलं, त्यांनी हे लक्षात घ्यावं. मला गाडीतलं कळतं. मी फसलो तो कागदात.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये वेगळे नियम केले. गाडी आधीपासून नोंदलेली असेल तर तिचा जुना नंबर तसाच ठेवता येतो. नोंद नसेल तर नव्याने करावी लागते, २०,००० रुपये फी भरावी लागते आणि व्हीए मालिकेतला नंबर मिळतो. नियम चांगला आहे, हौशी लोकांना त्याचा फायदाच झाला. पण त्यामुळे बीएमने सुरू होणाऱ्या जुन्या नंबराच्या आरसी बुकालाच भाव आला. कधीच भंगारात गेलेल्या गाडीचं बुक कुणीतरी कपाटात जपून ठेवलेलं असतं. मग त्या बुकाला शोभेलसा पत्रा शोधायचा. माझ्या बाबतीत हेच झालं.

जाहिरात ऑनलाइन पाहिली. शेतावरच्या शेडमध्ये उभी गाडी, चाकांत हवा नाही, पण दारं, ग्रिल, डॅशबोर्ड जागेवर. किंमत ना फार कमी, ना फार जास्त. तिथेच तर विश्वास बसतो. स्वस्त असती तर मीच संशय घेतला असता. विकणारा साठीच्या पुढचा, धोतर-टोपीतला, अतिशय गोड बोलणारा. मी त्यांना काका म्हणत होतो, ते मला साहेब म्हणत होते. “साहेब, गिऱ्हाईक बरीच आली, पण मला ही तोडणाऱ्याला द्यायची नाही. तुम्ही जीव लावाल.” हे वाक्य तो माणूस प्रत्येकाला म्हणत असणार, आता कळतंय.

बुक दुसऱ्याच्या नावावर होतं, पण त्या माणसाच्या सह्या असलेले २९ आणि ३० नंबरचे, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म तयार होते. नुसते सही केलेले फॉर्म कुणी पुढे केले की आधी सही करणाऱ्याला भेटा, फोनवर नाही, समोर. फोनवर मी बोललो होतो. कोणाशी बोललो ते देव जाणे.

वाहन पोर्टलवर नंबर टाकला तर काहीच दिसलं नाही. काका म्हणाले, जुनी नोंद आहे, बॅकलॉग एंट्री करावी लागते, म्हणजे रजिस्टरातली नोंद संगणकात चढवावी लागते. हे खोटं नाही, जुन्या गाड्यांचं असं असतंच, म्हणूनच ही थाप खपते. इंजिन नंबरही बुकाशी जुळला नाही. त्यावर उत्तर तयार: मूळ इंजिन निकामी झालं म्हणून पद्मिनीचं टाकलंय, दोन्ही १०८९ सीसीचीच, फक्त आरटीओत नोंद करायची राहिली. जुन्या फियाटवाल्यांपैकी कितीतरी जणांनी हेच केलेलं आहे, मी स्वतः अशा गाड्या पाहिल्यात. मग संशय घ्यायचा कशावर?

आता ती गोष्ट, जी आठवली की आजही अंगाचा तिळपापड होतो.

बॉनेट उघडलं. आत कित्येक वर्षांची धूळ, तेलाचा चिकटा, बॅटरीखालचा पत्रा गंजून गळालेला. आणि फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर, जिथे चेसिस नंबर ठोकला होता, तिथे तळहाताएवढ्या जागेत काळा रंग. ताजा. बाकी सगळीकडे बोट फिरवलं तर बोट काळं होत होतं, तिथे मात्र धुळीचा कण नव्हता. मी ते पाहिलं. मी नंबर मोठ्याने वाचला, माझ्याबरोबर आलेल्या मिस्त्रीने बुकाशी ताडून पाहिला, आकडान्‌आकडा जुळला आणि मला आनंद झाला. मिस्त्रीने खिशातून पेन्सिल काढली, म्हणाला, “साहेब, कागद लावून छाप घेऊन ठेवू.” काका लगेच पुढे झाले. “अहो, गंज धरत होता म्हणून परवाच ब्रश मारलाय, अजून कच्चा आहे. छाप काय, आरटीओत घेतातच.” आणि त्याच दमात घरातून चहा आला. मिस्त्रीने पेन्सिल परत खिशात ठेवली.

ज्या माणसाने बॅटरीखालचा पत्रा गळू दिला, तो नेमका नंबराभोवतीच गंज जपायला ब्रश का मारेल? हा प्रश्न तिथे उभ्या उभ्या पडायला हवा होता. पण ज्या गाडीसाठी आयुष्यभर थांबलो ती समोर उभी, नंबर जुळतोय, म्हातारा माणूस हात जोडून बोलतोय. अशा वेळी साठ वर्षांहून जुन्या गाडीवर चार बोटं नवा रंग दिसला तर कोण हटून बसतं? माझ्या जागी दुसरा कुणीही पैसे मोजून आला असता.

पैसे असे दिले: टोकन २५,००० यूपीआयने, ७०,००० एनईएफटीने आणि १,९०,००० रोख. टोकन एका नावावर गेलं, एनईएफटी दुसऱ्या नावावर, ‘भाच्याचं खातं आहे’ म्हणून. रोख रक्कम दोन लाखांच्या आत ठेवण्याचा आग्रह त्यांचा होता, कारण दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. फसवणारा माणूस कायदा आपल्यापेक्षा नीट वाचून बसलेला असतो. पावती मागितली तर शंभराच्या स्टँपवर विक्रीचा करार झाला, पण त्यात रोख रकमेचा उल्लेख नाही. रोखीची सही घेतल्याशिवाय नोट हातातून सोडू नका, समोरच्याला राग आला तर येऊ द्या.

गॅरेजमध्ये रंग खरवडायला घेतला आणि चौथा थर निघाला तेव्हा मिस्त्रीचा फोन आला. फायरवॉलवर लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा, जाड थर होता. तो काढल्यावर चारही बाजूंनी वेल्डिंगचा दोरा दिसला. नंबर असलेला पत्र्याचा तुकडा दुसऱ्या गाडीतून कापून इथे जोडलेला. त्याच्या मागे आणि बाजूला मूळ पत्र्यावर ग्राइंडरच्या खुणा. ही फियाट मोनोकॉक आहे, तिला वेगळी चेसिस नसते, बॉडी हीच चेसिस. म्हणून एवढासा तुकडा बदलला की कागदावर अख्खी गाडी बदलते. काकांचा फोन तेव्हापासून बंद. शेड भाड्याची होती, मालक म्हणतो, मला काही माहीत नाही.

इथून पुढचा त्रास पैशांपेक्षा मोठा आहे.

आरटीओत गेलो. एका कारकुनाने उपकार केल्यासारखं जुनं रजिस्टर काढलं. त्या नंबरापुढे लाल शाईत शेरा: नोंदणी रद्द. म्हणजे ती गाडी फार पूर्वी मोडीत निघाली होती. म्हटलं, हे लेखी द्या. म्हणाले, तुम्ही मालक नाही, तुम्हाला कसं देणार? पोलिसांचं पत्र आणा. माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज टाकला, तर ‘त्रयस्थ व्यक्तीची माहिती’ म्हणून नकार. पोलिसांकडे गेलो तर ते म्हणतात, आधी आरटीओचं पत्र आणा. दोन सरकारी कार्यालयं, दोघांनाही कागद हवा, तो कागद एकमेकांकडेच आहे आणि हेलपाटे मात्र मी घालायचे!

ठाण्यातला संवाद विसरता येणार नाही. “करारावर सही तुमची आहे ना? गाडी मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी दावा लावा.” दुसऱ्या वेळी, “व्यवहार झाला ती हद्द आमची नाही.” हद्दीचं कारण पुढे करून तक्रार नाकारता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे मी त्यांना छापील कागदावर दाखवलं. त्यावर मलाच विचारलं, “नंबर खोडलेली गाडी तुमच्या ताब्यात कशी? चोरीची निघाली तर?” म्हणजे पैसे माझे गेले, तक्रार घेऊन मी आलो आणि आरोपीच्या खुर्चीत मलाच बसवलं. तक्रार दिली तर गाडी मुद्देमाल म्हणून उचलून नेऊ, असंही सांगितलं. न्या ना! पण आधी गुन्हा तर नोंदवा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर समोरासमोरचा व्यवहार सायबरमध्ये बसत नाही म्हणाले. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. वकिलांच्या मते ग्राहक आयोगातही फार आशा नाही, कारण विकणारा व्यापारी नाही, खाजगी माणूस. मग सामान्य माणसाने जायचं कुठे, हे एकदा कुणीतरी खुर्चीवरच्या माणसाने लेखी सांगावं.

तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला असाल तर टोकनच्या आधी नोंदणीच्या कार्यालयात जाऊन जुन्या रजिस्टरचा शेरा डोळ्यांनी बघा. पोर्टल कोरं दिसलं म्हणजे गाडी स्वच्छ आहे असं नाही. नंबराच्या जागेवर लोहचुंबक फिरवा, लांबी असेल तिथे ते धरत नाही. पत्र्याची मागची बाजू डॅशबोर्डखाली आडवं होऊन टॉर्चने बघा, वेल्डिंग पुढून लपवता येतं, मागून कुणी घासत बसत नाही. पेन्सिलचा छाप नको म्हणणाऱ्याला गाडीसकट तिथेच सोडा. आणि ‘कागद मी करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला आधी पैसे देऊ नका. माझे १८,००० घेऊन त्याने फक्त फॉर्मवर शिक्का मारला आणि ‘वर अडलंय’ एवढंच सांगत राहिला.

आता कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत डाकेने अर्ज पाठवलाय. तिथूनही काही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाणार आहे, वकिलाची फी वेगळी मोजून.

गेल्या आठवड्यात तीच शेड दुसऱ्या जाहिरातीत दिसली. भिंतीवरचा तोच निळा पट्टा, तोच तुटका पत्रा. गाडी फिक्या हिरव्या रंगाची डुक्कर फियाट, नंबर पुन्हा बीएमचा, किंमत ३,१०,०००. विकणाऱ्याचं नाव वेगळं. कुणी बोलणी करत असाल तर फायरवॉलचा जवळून फोटो मागा आणि काय उत्तर येतं ते बघा. कुणी टोकन देऊन बसला असाल तर आपल्या ठाण्यात ज्या खात्यावर पैसे गेले त्याच्या नावासकट लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. माझ्या अर्जाची प्रत मी द्यायला तयार आहे. एकाच माणसाविरुद्ध दोन तक्रारी समोर आल्या तर ‘दिवाणी वाद’ म्हणून परत पाठवणं त्यांना जड जाईल.