पिल्लाचं तोंड उघडून बघा, मग पैसे द्या

सोलापुरात परत पेट शो लागतोय, परवा बॅनर बघितलं म्हणून लिहायला बसलोय, नाहीतर दोन महिने कुणाला सांगायचीपण लाज वाटत होती. कारण मी शेतकऱ्याच्या घरातला. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी जनावरांच्या बाजारात अण्णा बैल बघायला जायचे तेव्हा मी लहानपणापासून मागे मागे. आधी ओठ वर करून दात बघायचे, आदत (दुधाच्या दातांचा) आहे का दोन दाती का जुळलेला (सगळे दात आलेला), त्यावरून वय कळतं, मग चालवून बघायचं, आणि सगळं पटलं की उपरण्याखाली बोटं धरून सौदा. असल्या माणसाचा पोरगा मी, आणि ११,००० चं कुत्र्याचं पिल्लू घेतलं ते पोरीचे फोटो काढत काढत.

मार्चअखेरचा रविवार होता. मैदानावर पत्र्याचा मांडव, तिकीट माणशी ५० रुपये, आत फिश टँक, लव्हबर्ड, पर्शियन मांजरं आणि एका कडेला पिल्लांचे पिंजरे. बाहेर ऊन असं की पत्रा तापून आत भट्टी झालेली, टेबलफॅन होता तो विकणाऱ्याच्या तोंडावर. एका पिंजऱ्यात सहा-सात पिल्लं एकमेकांवर पडलेली, पाण्याची वाटी उपडी. मी तेव्हाच बायकोला म्हणलं, बिचारी दमलीत बघ. दमलेली नव्हती ती. पण आपल्याला तेव्हा कुठं कळतंय.

त्या माणसानं एक फिक्कट तपकिरी लॅब्राडॉर पोरीच्या हातात दिलं, आणि पोरीच्या हातात गेलं की सौदा संपलाच म्हणा. ‘साहेब, पंचावन्न दिवसांचं आहे, हेवी बोन, शो क्वालिटी, बाप चॅम्पियन आहे.’ कागद? ‘केसीआयचे, केनेल क्लबचे पेपर पंधरा दिवसांत कुरिअरनं येतील.’ मायक्रोचिप, कातडीखालची ओळखीची? ‘ती मोठं झाल्यावर बसवतात.’ पोट टम्म फुगलेलं होतं, त्यावर म्हणाला खातंपितं आहे साहेब, घरात सांभाळलेलं. १४,००० वरून ११,००० वर आला, मला वाटलं मी जिंकलो. पैसे स्कॅन करून दिले, नाव भलतंच कुणाचंतरी आलं, तो म्हणाला मेव्हण्याचं खातं आहे. बिल मागितलं तर लसीचं कार्ड हातात दिलं, म्हणाला हेच बिल.

पोरीनं नाव ठेवलं शेंगा. भाजलेल्या शेंगदाण्याचाच रंग होता.

रात्रभर रडलं. भिजवलेलं खाणं पुढं ठेवलं तर त्याला खायचंच कळेना, माझं बोट मात्र चोखायला लागलं. गावाकडं अण्णांना फोन लावला, ते एवढंच म्हणाले, ‘दात बघितलास का?’

सोमवारी डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि मलाच बघायला लावलं. पुढचे दात तांदळाच्या कण्यांएवढे नुकते वर आलेले, दाढांच्या जागी नुसती हिरडी. ‘पंचावन्न दिवसांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात जवळजवळ सगळे आलेले असतात. हे फार तर पाच आठवड्यांचं, आईपासून तोडलंय.’ फुगलेलं पोट जंतांचं. मग कार्ड बघितलं. स्टिकर होतं, पण रेबीजच्या लसीचं! ती लस साधारण तीन महिन्यांना देतात. म्हणजे कुठल्यातरी मोठ्या कुत्र्याच्या बाटलीचं लेबल सोलून ह्याच्या कार्डावर चिकटवलेलं, डॉक्टरची सही नाही, शिक्का नाही, रजिस्ट्रेशन नंबर नाही. मी ते कार्ड आदल्या दिवशी घरच्या ग्रुपवर कौतुकानं टाकलेलं बे.

बुधवारी सकाळी उलट्या, दुपारी रक्ताचे जुलाब. पार्वो, पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. त्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. पुढच्या इवल्या पायात सलाईनची सुई, रोज दोन वेळा नेणं-आणणं, पोरगी शाळेतून आली की तिथंच बसायची. रविवारी पहाटे गेलं. औषधपाण्याला ७,५०० गेले, ते जाऊ द्या.

विकणाऱ्याला बुधवारीच फोन केला होता. म्हणाला तुमच्या घरातच लागलं असेल, आमच्याकडं ठणठणीत होतं. हे सगळे असंच म्हणतात, म्हणून हे लक्षात ठेवा, पार्वोची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. नेल्यावर तिसऱ्या दिवशीच आजारी पडलं तर ते बहुतेक त्यांच्याच पिंजऱ्यातून घेऊन आलेलं असणार. नंतर फोन बंद. शोवाल्यांना विचारलं तर म्हणे आम्ही फक्त स्टॉल भाड्यानं देतो.

मग कायदा वाचत बसलो, आधी वाचायला पाहिजे होता. कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीचे नियम २०१७ चे आहेत, पेट शॉपचे २०१८ चे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचंच नाही. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी पाहिजे, मायक्रोचिप विक्रीच्या आधी पाहिजे, मोठं झाल्यावर नाही. त्याच मांडवात कापड टाकलेल्या पिंजऱ्यात आपले हिरवे पोपटपण होते, ते तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं विकणंच काय, पाळणंपण गुन्हा आहे. आणि जनावराला क्रूरपणे वागवल्याचा पहिल्या गुन्ह्याचा दंड किती असेल? १९६० च्या कायद्यात १० ते ५० रुपये. त्या मांडवाचं तिकीट जेवढं.

ग्राहक हेल्पलाईनला फोन केला, १९१५. त्यांनी नीट ऐकून घेतलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाला फीपण नाही. पण समोरच्या पार्टीचं नाव-पत्ता लिहा म्हणतात तिथं मी काय लिहू? मेव्हण्याचं खातं? म्हणून सांगतो, नोंदणी नंबर आणि पत्ता असलेलं बिल मिळत नसेल तर पोरगी रडली तरी चालेल, उठून या. पिल्लाची आई दाखव म्हणा. बहुतेक तिथंच बोलणं संपतं.

अजून एक, ज्यांच्या घरात असं झालंय त्यांनी नुसत्या फिनाईलवर भागवू नका, पार्वो त्यानं मरत नाही, ब्लीचच्या पाण्यानं फरशी धुवा आणि लस पूर्ण न झालेलं पिल्लू लगेच घरात आणू नका, हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. शेजारच्यांनी दया येऊन दुसरं पिल्लू देऊ केलं होतं, नको म्हणलं.

आणि त्या रविवारी त्याच मांडवातून कुणी पिल्लू घेतलं असेल तर कार्डावरच्या स्टिकरचा बॅच नंबर बघा आणि मला मेसेज करा. विजापूर रोडच्या एका ताईंचं कार्ड बघितलं, त्यांचं मांजर आहे, आणि नंबर माझ्याच कार्डावरचा.