माउथऑर्गन ऑनलाइन घेताय? ‘तुमची फुंक कमी पडते’ हे उत्तर ऐकून घेऊ नका

“मुलं नवीन आहेत, फुंक कमी पडते. सवय झाली की वाजेल.” खराब माउथऑर्गन विकणाऱ्याचं पहिलं उत्तर हे असतं. आणि ते खपतं, कारण नवशिक्याला खरंच कळत नाही की वाद्य बिघडलंय की आपल्यालाच जमत नाहीये. आमच्या शाळेच्या बाबतीत हेच झालं. गेलेले पैसे पालकांच्या कष्टाचे होते, म्हणून नीट, खुलासेवार लिहितोय. दुसऱ्या शाळेवर, दुसऱ्या घरावर ही पाळी येऊ नये.

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. आमच्याकडे मुलांच्या कानावर वाद्य पडतं ते भजनातलं: खंजिरी, टाळ, ढोलक आणि मंडळाची एकुलती एक पेटी. त्या पेटीला हात लावायची संधी मुलांना क्वचितच मिळते. माउथऑर्गन मात्र प्रत्येक पोराला आपापला मिळू शकतो. तो दप्तरात मावतो, त्याला वीज लागत नाही, आणि पेटीसारखाच पितळी पत्तीवर वाजतो. सहावी-सातवीच्या मुलांसाठी घ्यायचं ठरलं. कापसाचे चुकारे झाल्यावर पालकांनी वर्गणी दिली. काहींनी बचत गटातून उचलून दिली. ज्या घरात जमण्यासारखं नव्हतं, त्यांचं आम्ही शिक्षकांनी भागवलं.

नागपूरला सीताबर्डीत जाऊन इतके नग आणायचे तर खर्च आणि सुट्टी दोन्ही आलं. म्हणून ऑनलाइन पाहिलं. एका मोठ्या खरेदीच्या संकेतस्थळावर एक विक्रेता सापडला. चोवीस छिद्रांचा ट्रेमोलो (थरथरत्या आवाजाचा माउथऑर्गन), डब्यावर ‘जर्मन तंत्रज्ञान’, किंमत दुकानातल्या भावाच्या जेमतेम निम्मी. मॅथियास होनर यांनी १८५७ साली जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावात माउथऑर्गन बनवायला सुरुवात केली, तेव्हापासून या वाद्याच्या बाबतीत ‘जर्मन’ शब्दाला वजन आहे. तो डब्यावर छापायला मात्र काहीच लागत नाही. माल कुठे बनला, कोणी आणला, हे त्या डब्यावर कुठेच नव्हतं.

आधी नमुन्याला एक मागवला. तो चांगला निघाला, सगळे सूर स्वच्छ. त्याच डब्यात एक चिठ्ठी होती: ‘शाळा व संस्थांसाठी खास सवलत, या नंबरवर व्हॉट्सअॅप करा.’ डाव इथेच होता. संकेतस्थळावरून घेतलेल्या मालाला परतीची मुदत असते, तक्रारीची सोय असते. घाऊक सवलतीच्या नावाखाली आम्हाला तिथून बाहेर काढलं गेलं. फोनवरचा माणूस अदबीने बोलायचा, ‘गुरुजी गुरुजी’ करायचा. बिल मालासोबत पाठवतो म्हणाला आणि सगळी रक्कम यूपीआयने आधी घेतली. माल आला, बिल आलं नाही.

पार्सल कुरिअरवाल्याने घाटंजीतच ठेवलं आणि फोन केला. खेड्यापर्यंत बहुतेक कुरिअर येत नाहीत, त्यामुळे देणाऱ्यासमोर पार्सल उघडून पाहण्याची सोय आम्हाला नसतेच. शाळेत आणून उघडलं, वाटप केलं, मुलांचा आनंद काय सांगू! आणि अर्ध्या तासात एकेक पोरगं माझ्याकडे येऊ लागलं. कोणाचा आवाज फाटत होता, कोणाचा मधलाच सूर मुका. सहावीतल्या एका मुलीच्या ओठातून रक्त आलं. वरच्या झाकणाच्या पत्र्याची कड घासलेलीच नव्हती, बोट फिरवलं तरी धार लागत होती. तेवढ्यावरच मी सगळे माउथऑर्गन परत जमा करून घेतले.

पण मला जास्त लागलं ते दुसरंच. एक मुलगा काही न बोलता कोपऱ्यात बसला होता. विचारलं तर म्हणाला, “सर, माही फुंकच कमी पडते जी. मले नाई जमत.” त्याचा माउथऑर्गन मी वाजवून पाहिला. सलग चार सूर निघतच नव्हते. फुंक त्याची चांगली होती, वाद्यच निकामी होतं. तो ते घरी घेऊन गेला असता तर आपल्याला संगीत येत नाही असं धरून बसला असता आणि पुन्हा कधी वाद्याला हात लावला नसता. पैशाचा हिशोब निराळा, पण हे नुकसान कोण भरून देणार?

त्याच संध्याकाळी विक्रेत्याला फोन केला. उत्तर वर दिलंच आहे. मी सूर मोजून दाखवले तर म्हणाला, “माउथऑर्गनमध्ये म आणि ध नसतातच, माहिती घ्या.” ही बनवाबनवी नीट समजून घ्या, कारण यात अर्धं खरं आहे. दहा छिद्रांच्या साध्या माउथऑर्गनमध्ये पट्टी सी असेल आणि सी ला सा धरला, तर खालच्या सप्तकात म आणि ध खरंच नसतात. ते मधल्या सप्तकात पाचव्या आणि सहाव्या छिद्रात, श्वास आत ओढल्यावर येतात. दुसरं छिद्र ओढलं काय आणि तिसरं फुंकलं काय, दोन्हीकडे प च येतो. हाही दोष नाही. दुसऱ्या-तिसऱ्या छिद्राचा ओढीचा सूर नवशिक्याच्या तोंडून दबतो, तोही बहुतेक वेळा सरावाचा भाग असतो. पण आमचे माउथऑर्गन दहा छिद्रांचे नव्हतेच. चोवीस छिद्रांच्या ट्रेमोलोत एकेका सुराला वर-खाली अशा दोन पत्त्या असतात, एकूण अठ्ठेचाळीस. त्यातली एक किंचित चढी लावतात, म्हणून आवाजात ती थरथर येते. आणि जे सूर मुके होते, ते त्याच डब्यातल्या कागदावर छापलेल्या तक्त्यात होते! त्या तक्त्याचा फोटो पाठवल्यावर मात्र बोलण्याचा सूर बदलला. आता म्हणे, तोंडाला लावलेलं वाद्य आरोग्याच्या कारणाने परत घेता येत नाही.

हेच मुख्य हत्यार. न वाजवता बिघाड कळत नाही आणि वाजवलं की परत नाही. वापरलेला माउथऑर्गन केवळ आवडला नाही म्हणून चांगली दुकानंही परत घेत नाहीत, ते योग्यच आहे. पण मूळ बनावटीतला दोष ही वेगळी गोष्ट आहे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० मध्ये स्पष्ट आहे की माल सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि भरलेले पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. ‘आमची पॉलिसी’ या शब्दाने तो नियम पुसला जात नाही. मी हे लिहून पाठवलं. त्यावर ‘स्वखर्चाने माल पाठवा, तपासून कळवू’ असा निरोप आला. पत्ता मागितला तर दिला नाही, आणि पुढे नंबरच ब्लॉक झाला.

दोष सिद्ध करायला जाणकाराचा शब्द हवा होता. शेजारच्या तालुक्यात पेट्या दुरुस्त करणारे एक वयस्कर कारागीर आहेत, भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडेच जातात. त्यांनी बारीक पेचकसाने एकाचं झाकण उघडलं आणि टॉर्च लावून मला दाखवलं. पितळी पाटाला आयताकृती खाचा असतात आणि प्रत्येक खाचेवर एका टोकाला रिव्हेटने पत्ती बसवलेली असते. पत्तीचं मोकळं टोक खाचेच्या किंचित वर उचललेलं हवं आणि हलताना तिने कडेला कुठेही घासता कामा नये. आमच्यातल्या काही पत्त्या तिरप्या बसल्या होत्या, त्या कडेला घासून फाटका आवाज देत होत्या. काही इतक्या उचललेल्या की सगळी हवा खालून निघून जायची. काही पाटाला अगदी चिकटलेल्या, त्या हलायच्याच नाहीत. एकीचा रिव्हेट सैल होता. मधला सांगाडा सपाट नव्हता, त्याच्यातून आणि पाटातून हवा गळत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “गुरुजी, हे सूर बसवलेच नाईत जी, नुसते ठोकले हायेत. पोट्ट्यायचा काय दोष याच्यात!”

तिरपी पत्ती त्यांनी पातळ पत्र्याच्या टोकाने हळूच सरळ केली, खाच आणि पत्तीमध्ये कागदाची पट्टी सरकवून कचरा काढला, आणि तो सूर लागला. काही नग असे सुधारले. उघडलेल्यांपैकी बाकीच्यांची झाकणं स्क्रूने नाही तर बारीक खिळ्यांनी ठोकलेली होती, ती उघडताना वाकली. घरी कोणी यूट्यूब पाहून हे करायला जाऊ नये. पत्ती एकदा जास्त वाकली की तुटते, आणि वाद्य उघडलं म्हणून विक्रेत्याला आणखी एक सबब मिळते. आम्हीही सगळे नग उघडले नाहीत. निम्मे झाकण न उघडता, पुरावा म्हणून सील करून ठेवले आहेत.

या भानगडीत अजून एक प्रकार घडला, तो आवर्जून सांगतो. विक्रेत्याच्या फेसबुक पानावर मी जाहीर तक्रार लिहिली. थोड्या वेळाने कोणाचा तरी फोन आला: ‘आम्ही रिफंड विभागातून बोलतोय, एक क्यूआर पाठवला आहे, तो स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. चिडलेला, अडकलेला माणूस हेरून हे लोक फोन करतात. अशात पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवण्याची शक्यता जास्त.

मालाच्या तक्रारीसाठी नंबर वेगळा आहे, १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीत बोलता येतं. आम्ही तिथे तक्रार नोंदवली, नोंद क्रमांक मिळाला. विक्रेत्याने उत्तर दिलं नाही म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलं. अनेकांना वाटतं की विक्रेता दिल्ली-सुरतचा असेल तर खटला तिकडे जाऊन लढावा लागेल. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, पार्सलवरची चिठ्ठी, डब्याचे फोटो हे सगळं कामी येतं. म्हणून विक्रेत्याशी बोलणं शक्यतो लेखी करा, फोनवर झालंच तर लगेच ‘आपण असं म्हणालात’ म्हणून लिहून पाठवा. रागाच्या भरात चॅट पुसून टाकू नका.

माउथऑर्गन घ्यायचाच असेल तर शक्यतो दुकानात जा. काही दुकानांत तपासायला छोटा भाता असतो, त्याने प्रत्येक छिद्र तोंड न लावता वाजवून दाखवतात. ऑनलाइनच घ्यायचा तर पैसे संकेतस्थळावरूनच भरा, कितीही सवलत दाखवली तरी बाहेर भरू नका, आणि नमुना चांगला निघाला म्हणून सगळा माल तसा येईल असं धरू नका. पार्सलवरचं लेबल, सील, उघडणं हे न थांबता एकाच व्हिडिओत घ्या. त्याच व्हिडिओत आधी झाकणाच्या कडेवरून बोट फिरवा, मग उजेडाकडे धरून छिद्रांतून पत्त्या पाहा, मग प्रत्येक छिद्र हलक्या श्वासाने फुंकून आणि ओढून वाजवा (ट्रेमोलोत एक छिद्र फक्त फुंकून किंवा फक्त ओढून वाजतं). जोर लावू नका. चांगली पत्ती हलक्या श्वासालाच बोलते. ट्रेमोलो असेल तर वरची ओळ पुठ्ठ्याच्या पट्टीने झाकून खालची वेगळी वाजवा, मग उलट. दोन्ही ओळी एकदम वाजवल्या तर जोडीतली एक पत्ती मेलेली असली तरी सूर येतो आणि दोष लपून राहतो. आमच्या कित्येक नगांत तसंच होतं. मोबाइलवर ट्यूनर अॅप लावून समोर ठेवलं तर बेसूर पत्तीही व्हिडिओत नोंदली जाते. आणि हे सगळं वाद्य मुलांच्या हातात देण्याआधी, थोडंफार वाजवता येणाऱ्या मोठ्या माणसाने करावं.

परत पाठवायचा असेल तर आमच्यासारख्या गावांच्या पिनकोडवर ‘पिकअप उपलब्ध नाही’ असं येतं. म्हणून गप्प बसू नका. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल द्यायचा असतो. स्वतः पाठवायला सांगितलं तर टपालाने पाठवा, पावती जपा, आणि तो खर्चही मागा.

आमचे पैसे अजून मिळालेले नाहीत. सुधारलेल्या नगांवर मुलं आळीपाळीने शिकत आहेत, प्रत्येक वेळी पुसून, निर्जंतुक करून. तो मुलगा आता वाजवतो. व्हॉट्सअॅपवर ‘शाळा सवलत’ देणाऱ्या अशाच विक्रेत्याकडून यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर भागातल्या आणखी कोणी माल घेतला असेल तर आपापल्या नोंदी घेऊन पुढे या. एकाच विक्रेत्याने फसवलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि आम्ही तक्रार दाखल करायच्या आधी कळलं तर तुमची नावं तिच्यात घेता येतील.