लिनक्सवर मॉडेम फक्त ४जीवर लॉक करून वापरतोय, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

डिसेंबरात गावच्या घरी नेटची सोय केली. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर), त्याला यूएसबी अडॅप्टरमधून क्वेक्टेलचं ईसी२५ मॉड्यूल, म्हणजे सिम घालायचं मॉडेम, कौलांच्या वर अँटेना आणि बॅकअपला इन्व्हर्टर. आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या पोटात, टॉवर समोरच्या धारेपलीकडे, फायबर यायचं नाव नाही. मी पुण्यात असतो त्यामुळे एकदा बसवलं की ते आपलं आपण चालायला हवं एवढीच माझी अट होती, आणि पहिला दीड महिना नेमकं तेच होत नव्हतं.

व्हायचं असं की दिवसभर झकास चालायचं आणि संध्याकाळी सात-आठनंतर नेट गायब. बाबांनी बटन बंद करून चालू केलं की परत सुरू. मी आधी सिमवर संशय घेतला, दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं, तेच. मग अँटेनाची वायर बदलली, कनेक्टर परत घट्ट केले, तेच. लिनक्सवर मॉडेम सांभाळतो तो मॉडेममॅनेजर हा प्रोग्राम, आणि त्याला हुकूम द्यायची कमांड एमएमसीएलआय. लांबून लॉगिन करून एमएमसीएलआय डॅश कॅपिटल एल मारलं की मॉडेमचा नंबर कधी ३, कधी ९, एकदा तर १७ दिसला. मॉडेम निघून परत जोडला गेला की मॉडेममॅनेजर त्याला नवीन नंबर देतो, म्हणजे मॉडेम दिवसातून कितीतरी वेळा रिसेट होत होतं. डीमेसेजमध्येही, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या नोंदींत, यूएसबी डिस्कनेक्टच्या ओळींची रांग लागलेली.

कारण सापडलं ते बाबांमुळे. ते संध्याकाळी पडवीत रेडिओ लावतात आणि मॉडेम त्याच भिंतीला टांगलेलं. एकदा फोनवर म्हणाले, "अरे, तो रेडिओ परत टर्रर्र टर्रर्र करतोय, आणि तो टरटरला की थोड्या वेळाने तुझं नेट जातं बघ." मी जागचा उठलोच! ती टरटर म्हणजे २जी. जीएसएममध्ये, म्हणजे २जीच्या तंत्रात, मोबाईल सलग बोलत नाही, सेकंदाला साधारण २१७ वेळा छोटे छोटे झटके मारतो आणि ते जवळच्या स्पीकरमध्ये ऐकू येतात, जुने फोन टीव्हीजवळ ठेवले की यायचा तोच आवाज. आणि त्या झटक्यांच्या वेळी मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत करंट ओढू शकतं हे त्याच्या कागदपत्रातच लिहिलंय, तर पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. म्हणजे संध्याकाळी ४जी सिग्नल ढासळला की मॉडेम २जीवर उतरायचं, २जीवर उतरलं की करंट ओढायचं, व्होल्टेज पडायचं आणि मॉडेम रिसेट. पॉवरचा हिशोब मी केलाच नव्हता, चूक पूर्ण माझी.

उपाय दोन केले. एक, स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये टाकला. दोन, आणि खरा फरक याने पडला, मॉडेमला सांगितलं की फक्त ४जी वापर. एमएमसीएलआयला सेट-अलाउड-मोड्स बरोबर ४जी एवढंच द्यायचं, झालं. पण आधी डॅश एम आणि मॉडेमचा नंबर देऊन माहिती काढा, त्यात मोड्सखाली सपोर्टेड जोड्यांची यादी असते, त्या यादीतलीच जोडी चालते. मनाने काहीतरी जोडलं तर सरळ नकार येतो. ३जी आणि ४जी दोन्ही ठेवून ४जीला प्रेफर्ड करायचीही सोय आहे, मी ते चार दिवस करून पाहिलं, पण प्रेफर्ड म्हणजे फक्त आवड, सिग्नल पडला की गडी खाली उतरतोच. हेच मॉडेमला थेट पाठवायच्या एटी कमांडनेही होतं, पण मॉडेममॅनेजर चालू असताना दुसरीकडून त्यात हात घालू नका, एकच रस्ता धरा.

सेटिंग मॉडेममध्येच साठतं, आठ महिन्यांत लाईट शेकडो वेळा गेली असेल, एकदाही परत द्यावं लागलं नाही. यात एक खड्डा आहे मात्र. मार्चमध्ये माझ्या एका जुन्या ३जी सिमवर टेस्ट करायला गेलो आणि तासभर नुसतं सर्चिंग, सर्चिंग. लॉक केलंय हे विसरलो होतो. ज्यांच्याकडे जिओ आहे त्यांना २जी-३जीचा प्रश्नच नाही, ते २०१६ पासून ४जीवरच सुरू झालं, त्यांनी आधी पॉवर तपासावी.

बँड लॉक पण केला होता, म्हणजे मॉडेमला ठरावीक फ्रिक्वेन्सीचा पट्टाच वापरायला लावला होता. ८५० मेगाहर्ट्झवाला बँड ५ झाडीतून बरा येतो म्हणून फक्त तोच ठेवला, आरएसआरपी (सिग्नलची ताकद, शून्याच्या जेवढी जवळ तेवढी चांगली) उणे ११३ वरून उणे १०२ वर आला, मी खूश. पण स्पीड निम्म्यावर, आणि त्या बँडला जरा काही झालं की पूर्ण अंधार. तीन आठवड्यांत काढून टाकला. माझं स्पष्ट मत, मोड लॉक करा, बँड मोकळे ठेवा.

अजून एक, नेटवर्कमॅनेजरमध्ये (लिनक्सवर नेट जोडून ठेवणारा प्रोग्राम) ऑटोकनेक्ट-रिट्राईज शून्य करा. नाहीतर चार वेळा प्रयत्न करून तो काही वेळ गप्प बसतो. शून्य म्हणजे कायम प्रयत्न करत राहा.

रिचार्जचे, बँकेचे एसएमएस ४जीवर माझ्या सिमला व्यवस्थित येतात. कॉल मी यावर करत नाही.

राहिलं पावसाचं. लाईट दोन दिवस गेली की टॉवरवरचं ४जी आधी जातं, २जी जरा जास्त तग धरतं, आणि फक्त ४जीवर लॉक असलेलं मॉडेम तेव्हा पूर्ण मुकं होतं. त्यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहिली, वीस मिनिटं सर्चिंगच दिसलं तर २जी-४जीची जोडी चालू करते, मला एक एसएमएस टाकते, आणि दर तासाला परत फक्त ४जी करून बघते. हब असल्यामुळे आता २जीवर गेलं तरी रिसेट होत नाही. जुलैमध्ये दोनदा तो एसएमएस आला, आणि दोन्ही वेळा तो पोचायच्या आधी बाबांचा फोन आलेला, रेडिओ टरटरतोय म्हणून.